प्रोटीन नॉर्मल, मग पोर का वाळतंय?

वाचकांचे प्रश्न, पॅथॉलॉजिस्टची उत्तरं

सांगलीत विश्रामबागेत माझी लॅब आहे, तिला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं लहान मुलांच्या रक्ताबद्दल आणि खाण्यापिण्याबद्दल होती. त्यातली पाच इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण हाच प्रश्न मला लॅबच्या काउंटरवर दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं.

प्रश्न : माझ्या अंगणवाडीत सव्वादोन वर्षांची मुलगी आहे. आईवडील ऊसतोडीला गेले होते, शिमग्यानंतर परत आले. मुलीचं वजन ७ किलो ६०० ग्रॅम, दंडघेर ११.२ सेंटिमीटर, पायावर सूज नाही. मी तिची नोंद सॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषणात केली आणि पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायला सांगितलं. वडिलांनी परस्पर खासगी लॅबमधून रक्त तपासून आणलं. त्यात अल्ब्युमिन ३.८, टोटल प्रोटीन ६.९, दोन्हींपुढे नॉर्मल लिहिलंय. हिमोग्लोबिन ९.४. आता ते म्हणतात, "रक्तात प्रोटीन बरोबर हाय की, मॅडम. तुमची पट्टीच खोटी." काय उत्तर देऊ?
— अंगणवाडी सेविका, जत तालुका

उत्तर : ताई, तुमची पट्टी खरी आहे आणि रिपोर्टमधला आकडाही खरा आहे. अल्ब्युमिन म्हणजे पोषण मोजायचा काटा, असा वडिलांचा समज झालाय. त्यांना दोष देऊ नका. आम्ही डॉक्टर मंडळीही कित्येक वर्षं तसंच मानत होतो.

अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन यकृतात तयार होतं. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणं हे त्याचं मोठं काम. ते ढळलं तर सगळंच ढळेल, म्हणून शरीर ते शेवटपर्यंत सांभाळतं. पोराला आठवडेच्या आठवडे अन्न कमी पडलं, की आधी चरबी जाते, मग दंडा-मांड्यांचं मांस मोडून यकृताला माल पुरवला जातो. अल्ब्युमिनचा निम्म्याहून जास्त साठा रक्तवाहिन्यांच्या बाहेर असतो, तोही आत ओढून घेतला जातो. जुनं अल्ब्युमिन मोडण्याचा वेगही मंदावतो. पोर वाळत जातं आणि रक्तातला आकडा जिथल्या तिथे राहतो. तुमच्या भागात दुष्काळात काय होतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. माणूस दावणीची जनावरं बाजाराला नेतो, पण सोसायटीच्या कर्जाचं खातं थकू देत नाही. नुसतं खातं बघून घर सुखात आहे असं कोण म्हणेल? दावण बघावी लागते. या मुलीचा दंड म्हणजे ती दावण आहे.

मी हे १९९६ साली शिकले, आणि एका बाळाच्या जिवावर शिकले. तेव्हा मी पॅथॉलॉजीचं शिक्षण घेत होते. साखर कारखान्याजवळच्या कोपीवरून एक आई वर्षाचा मुलगा घेऊन आली होती. मांड्यांच्या कातडीच्या घड्या लोंबत होत्या, चेहरा म्हाताऱ्यासारखा. अल्ब्युमिन आलं ३.९. मी रिपोर्टवर सगळं मर्यादेत असल्याचं लिहिलं, आणि वर त्या आईला म्हटलं, "रक्तात काही नाही." ते मी बोलायलाच नको होतं. तिने 'पोराला काही नाही' असं ऐकलं आणि ती फडावर परत गेली. सतरा दिवसांनी तोच मुलगा हगवणीने गळून आला, रक्तातली साखर ३४. तो वाचला, अकरा दिवस वॉर्डात होता. त्या आईने मला ओळखलं. "तुमीच म्हनला हुता न्हवं बाई, रक्तात काय न्हाई म्हणून," असं ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला अजून सलतं. त्या दिवसापासून "रक्तात काही नाही" हे वाक्य मी कुठल्याही मुलाबद्दल उच्चारत नाही.

सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण. उंचीच्या मानाने वजन तक्त्यातल्या उणे तीनच्या रेषेखाली असेल तरी तीव्र. आणि दोन्ही पावलांवर अंगठा दाबून तीन सेकंद धरल्यावर खळगा राहत असेल, तर वजन कितीही असो, तीव्रच. तिन्हींतली एक खूण पुरते. यातल्या एकाही खुणेला सुई लागत नाही. जगभर हीच रीत आहे. तुमच्या गावाला गरिबांसाठी काही स्वस्तातलं दिलंय असं कुणी म्हटलं, तर त्याला हे ठणकावून सांगा.

मग केंद्रात नेल्यावर रक्त का घेतात, असं वडील विचारतील. कुपोषण आहे की नाही हे ठरवायला ते रक्त घेतच नाहीत. अशा मुलांची साखर अचानक उतरते, ५४ च्या खाली गेली की धोका. अंगात जंतुसंसर्ग असूनही पुष्कळदा ताप येत नाही, कारण ताप आणायलाही अंगात बळ लागतं. क्षारांचं गणित बिघडलेलं असतं. टीबी आड दडलेला असू शकतो. या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत, त्यासाठी तपासण्या.

आजीला एक सांगा. पोरगी वाळली म्हणून एकदम तूप-शिरा भरवू नका. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकाएकी भरपूर अन्न गेलं, की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपकन उतरतं आणि हृदयाला धोका होतो. म्हणून केंद्रात सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी मोजून थोडं थोडं दूध देतात. लोकांना वाटतं डॉक्टर पोराला उपाशी ठेवतायत. तसं नाही, ते जपून चाललेले असतात. हिमोग्लोबिन ९.४ बघून घरी लोहाची बाटलीही सुरू करू नका. तीव्र कुपोषणात पहिल्या आठवड्यात वेगळं लोह देत नाहीत, संसर्ग बळावू शकतो. भूक परत आली, वजन चढू लागलं, की केंद्रातलेच सुरू करतील.

आणि वडिलांशी भांडू नका. त्यांनी पदरचे पैसे खर्चून तपासणी केली, म्हणजे त्यांना पोरीची काळजी आहे. तोच कागद हातात घ्या आणि म्हणा, "दादा, साखर-क्षार ढासळायच्या आत, ती अजून सावध आहे तोवर नेऊया." आईची मजुरी बुडते हा खरा अडसर असतो. केंद्रात राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते. किती आणि कशी ते आधी विचारून घ्या आणि मगच त्यांच्या घरी जा.

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा आहे. वजन १५.८ किलो, उंची १०२ सेंटिमीटर. नीट जेवत नाही म्हणून संपूर्ण तपासणीचं पॅकेज केलं. रिपोर्टमध्ये सहा ठिकाणी लाल खूण आहे. अल्कलाइन फॉस्फटेज ३१० जास्त, क्रिएटिनिन ०.३ कमी, फॉस्फरस ५.४ जास्त, लिम्फोसाइट ५५ टक्के जास्त, हिमोग्लोबिन ११.४ कमी, प्रीअल्ब्युमिन १४ कमी. तपासणीच्या आधी आठवडाभर सर्दी-खोकला होता. तो कुपोषित आहे का? आम्ही दोघंही रात्रभर झोपलो नाही.
— एक वडील, मिरज

उत्तर : आज रात्री झोपा. वजन आणि उंची दोन्ही वयाला साजेशी आहेत.

त्या कागदावर मोठ्या माणसांच्या मर्यादा छापल्या आहेत. चार वर्षांच्या मुलाची हाडं वाढत असतात, म्हणून अल्कलाइन फॉस्फटेज आणि फॉस्फरस आपल्यापेक्षा जास्त असायलाच हवं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, चिमुकल्या अंगात ते ०.३ च असतं. या वयात लिम्फोसाइट निम्म्याच्या आसपास असतात. दोन ते पाच वर्षांत हिमोग्लोबिन ११ च्या वर असलं की पंडुरोग म्हणत नाहीत. राहिलं प्रीअल्ब्युमिन, अल्ब्युमिनसारखंच यकृतात बनणारं प्रथिन. ते मुलांमध्ये मुळात कमी असतं, आणि सर्दी-तापात आणखी उतरतं. सहाच्या सहा खुणा छपाईच्या आहेत, मुलाच्या नव्हेत.

मला याचा मनापासून राग येतो. वय घातल्यावर त्या वयाच्या मर्यादा छापणं लॅबच्या यंत्राला अवघड नाही. ज्या कुणी ते केलं नाही, त्याने तुमची झोप घालवली. आणि एक हिशेब सांगते. लहान मुलाच्या अंगात किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असतं. पाच किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ४०० मिलिलिटर, म्हणजे दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीहूनही कमी. अशा बाळाचं पॅकेजच्या नावाखाली पाच-सहा नळ्या रक्त काढायचं? माझ्याकडे पाच किलोच्या आतल्या बाळाच्या चिठ्ठीवर दहा तपासण्या आल्या, की मी डॉक्टरांना फोन करून विचारते, यातल्या कोणत्या दोन आज खरंच हव्यात.

जेवणाबद्दल : सकाळी चहा-बटर देता का? देत असाल तर ते बंद करून बघा. चार वर्षांच्या पोटात कपभर चहा गेला की न्याहारी तिथेच संपते, आणि चहामुळे अन्नातलं लोहही अंगी लागत नाही.

प्रश्न : आमचं माळकरी घर. नातू दहा महिन्यांचा, अंगाने चांगला गुटगुटीत. अजून आईच्याच दुधावर आहे, वरचं काही तोंडात घेत नाही. पण महिनाभरापासून पांढराफटक दिसतो, बोटांची पेरं काळी पडली आहेत. बसत होता तो बसायचा थांबला, हाका मारल्या तरी हसत नाही. शेजारीण म्हणते मुडदूस असेल. एवढ्या गुटगुटीत पोराला कुपोषण असतं का?
— एक आजी, पलूस

उत्तर : आजी, तुमचं पत्र वाचलं त्याच दुपारी मी तुमच्या सुनेशी फोनवर बोलले आणि त्याला लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्यायला सांगितलं. शिकलेली गोष्ट विसरणारं मूल अंक निघेपर्यंत थांबू शकत नाही. आता लिहिते ते बाकीच्या घरांसाठी.

मुडदूस वेगळा. त्यात हाडं मऊ पडतात, मनगटं जाड होतात, पाय वाकतात, आणि रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज खरोखरच खूप चढतं. तुम्ही लिहिलेली लक्षणं ब जीवनसत्त्वातल्या बी-१२ च्या कमतरतेची आहेत. बी-१२ कुठल्याही भाजीत, डाळीत, भाकरीत नाही. ते दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून येतं. माळकरी घरातली सून मुळात शाकाहारी, त्यात ताकापुरतंच दूध तिच्या वाट्याला. तिच्या अंगातच साठा नसेल, तर तिच्या दुधात कुठून येणार? बाळाचं पोट भरतं, अंग भरतं, मेंदू आणि रक्त मात्र उपाशी राहतं. अशा बाळाचा दंड मोजला तर तो पट्टीवरच्या हिरव्या, म्हणजे ठीक असलेल्या भागात येतो. इथे माझी सूक्ष्मदर्शकाची काच लागते.

काचेवर मी काय शोधते ते सांगते, कारण यंत्र इथे फसतं. बी-१२ कमी असलं की लाल पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान. आपल्याकडे दोन्ही एकाच वेळी कमी असलेली मुलं खूप. मग यंत्र मोठ्या-लहानांची सरासरी काढतं आणि पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, नॉर्मल छापतं. आरडीडब्ल्यू हा आकडा मात्र वाढलेला असतो, कारण पेशींच्या आकारात मेळ राहत नाही. आणि काचेवर पांढऱ्या पेशी दिसतात पाच-पाच, सहा-सहा पाकळ्यांच्या. एरवी तीन-चार पाकळ्या असतात. ती सहा पाकळ्यांची पेशी दिसली की मी रिपोर्ट टाइप होण्याआधी फोन उचलते.

अशा बाळाला नुसतं फॉलिक ॲसिड देऊ नये. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. बाळाबरोबर आईचीही बी-१२ तपासणी आणि उपचार हवेत, नाहीतर अर्धंच काम होतं. माळ मोडावी लागत नाही. सुनेच्या ताटात रोज वाटी-दोन वाट्या दही, पेलाभर दूध आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध. आणि बाळाला सहा महिन्यांनंतर वरचं अन्न हवंच हवं, दूध कितीही उतरत असलं तरी.

प्रश्न : मी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा अभ्यासक्रम) करतो आहे. अल्ब्युमिन, ट्रान्सफेरिन, प्रीअल्ब्युमिन, रेटिनॉल बाइंडिंग प्रोटीन यांतला कुपोषणाचा सगळ्यात चांगला मार्कर कोणता? पुस्तकात अर्धायुष्यावरून क्रम दिला आहे.
— विद्यार्थी, विटा

उत्तर : परीक्षेत क्रम लिहा. अल्ब्युमिनचं अर्धायुष्य, म्हणजे असलेल्यातलं निम्मं संपायला लागणारा काळ, सुमारे वीस दिवस, ट्रान्सफेरिनचं आठ-दहा, प्रीअल्ब्युमिनचं दोन-तीन, रेटिनॉल बाइंडिंग प्रोटीनचं बारा तास. जितकं कमी, तितका बदल लवकर दिसतो, हा त्यामागचा विचार.

परीक्षा झाली की हेही लक्षात ठेवा. ही चारही प्रथिनं शरीरात दाह सुरू झाला की उतरतात. न्यूमोनिया झाला, भाजलं, ऑपरेशन झालं, की यकृत सीआरपीसारखी दाहाची प्रथिनं बनवायला लागतं आणि यांचं उत्पादन कमी करतं. शिवाय रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि अल्ब्युमिन बाहेर जातं. भरपेट जेवणाऱ्या मुलाचं अल्ब्युमिन न्यूमोनियात २.८ होऊ शकतं, आणि जतच्या त्या मुलीचं ३.८ राहतं. अमेरिकेतल्या ॲस्पेन या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ साली छापलेल्या भूमिकेत हेच म्हटलं आहे, की अल्ब्युमिन आणि प्रीअल्ब्युमिन दाह दाखवतात, त्यांच्यावरून कुपोषण ठरवू नये. लघवीतून प्रथिनं जात असतील किंवा यकृत बिघडलं असेल तरीही अल्ब्युमिन उतरतं, म्हणून सुजलेल्या मुलाची लघवीही तपासायची.

एक अपवाद मराठी पाठ्यपुस्तकांनी फार छान नाव देऊन ठेवला आहे. सुकटी आणि सुजवटी. सुकटीत, म्हणजे मरास्मसमध्ये, अल्ब्युमिन बरेचदा टिकतं. सुजवटीत, म्हणजे क्वाशिओरकॉरमध्ये, ते पडतं. सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी १९३०च्या दशकात आजच्या घानात या आजाराचं वर्णन केलं. तिथल्या गा भाषेतल्या त्या शब्दात, पाठीवर दुसरं मूल आलं की थोरल्याला जडणारं दुखणं, असा अर्थ आहे. सुजलेलं पोर काट्यावर जड भरतं, आणि आई म्हणते अंग धरलंय. तुम्ही रक्त घ्यायला वाकाल तेव्हा पावलांकडेही नजर टाका. ते काम लॅबमधल्या माणसाचंही आहे.

फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, उलट वागतं. दाहात ते चढतं. पाच वर्षांखाली १२ च्या खाली गेलं की लोह संपलं असं धरतात, पण अंगात संसर्ग असेल तर ३० च्या खालचंही कमीच मानतात. म्हणून फेरिटिनच्या शेजारी सीआरपी नसेल तर तो आकडा अर्धाच.

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची. शिबिरात बोटातून तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ८.६ आलं. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं. महिन्याने ९.९ झालं. पण शी काळी होते, दातांवर डाग दिसतात. सासरे म्हणतात, रक्त वाढलं, आता बाटली बंद करा.
— एक आई, तासगाव तालुका

उत्तर : बंद करू नका. महिन्यात एक ग्रॅमहून जास्त वाढ झाली, म्हणजे निदान बरोबर होतं आणि औषध लागू पडलं.

बोटाच्या तपासणीबद्दल थोडं. बोट पिळून काढलेल्या थेंबात ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा हलतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये, बोटाच्या थेंबावरून, महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची शंभरातली जवळजवळ ६९ मुलं पंडुरोगी निघाली. देशाचा आकडा ६७. २०१६-१८च्या दुसऱ्या राष्ट्रीय पाहणीत शिरेतून रक्त घेतलं, तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांत देशभरात तो ४१ आला. वयोगट थोडा वेगळा आहे, तरी फरक मोठा आहे. पण ४१ म्हणजे तरी काय थोडी मुलं झाली? शिबिरातला आकडा पुढची तपासणी करायला पुरेसा असतो. पुढच्या वेळी शिरेतून करा आणि दरवेळी एकाच ठिकाणी करा.

काळी शी लोहाचीच, घाबरायचं कारण नाही. दातांवरचे डाग वरवरचे असतात. औषध जिभेच्या मागच्या बाजूला सोडा आणि नंतर चूळ भरायला लावा. दुधाबरोबर देऊ नका, लिंबाच्या थेंबभर सरबताबरोबर द्या. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पीत असेल तर ते कमी करा आणि त्या भुकेत भाकरी-आमटी, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याचा लाडू, चालत असेल तर अंडं बसवा.

औषध नियमित घेऊनही हिमोग्लोबिन हललं नसतं, तर मी जंत, टीबी, सीलिअक (लोक ज्याला गव्हाची ॲलर्जी म्हणतात) आणि थॅलेसेमियाचा अंश यांच्या मागे लागले असते. तुमच्या मुलीला त्याची गरज दिसत नाही. हिमोग्लोबिन ११ च्या वर गेल्यावरही दोन-तीन महिने औषध चालू राहतं, कारण आधी रक्त भरतं आणि साठा नंतर. सासऱ्यांना ही ओळ वाचून दाखवा : विहिरीला पाणी लागलं म्हणून कुणी खोदणं तिथेच थांबवत नाही.